बातमी सकाळची, विनोद दुपारपर्यंत: प्रासंगिक विनोदी स्फुट लिहायचं आणि छापून आणायचं कसं

माझं पहिलं विनोदी स्फुट, म्हणजे ताज्या बातमीवरचं छोटेखानी लिखाण, एका खड्ड्यावर होतं. आमच्या एसटी स्टँडच्या तोंडाशी तो दोन पावसाळे ठाण मांडून बसला होता. एका पुढाऱ्याची गाडी त्यात अडकली, बातमी आली आणि मी चार दिवस घासूनपुसून साडेसातशे शब्द लिहिले. पाचव्या दिवशी दैनिकातल्या उपसंपादकांचा फोन आला. म्हणाले, "लिहिलंय झकास हो, पण खड्डा बुजला."

गावात दोन वर्षांत झालेलं ते एकमेव विकासकाम, आणि त्यानंच माझा लेख मारला. तेव्हापासून मी स्फुटाकडे कोथिंबिरीच्या जुडीसारखं बघतो. सकाळी आणायची, दुपारच्या आत वापरायची. पुढे जे सांगतोय ते चार ओळींच्या वात्रटिकेपासून साडेतीनशे शब्दांच्या स्फुटापर्यंतच्या मजकुराला लागू आहे. लांब विनोदी कथा किंवा ललित लेखाचं गणित निराळं असतं.

बातमी निवडताना

नवखा लेखक मथळ्यावर लिहितो. मथळ्यावर सगळेच लिहितात. विनोद बहुतेक वेळा बातमीच्या कंटाळवाण्या भागात दडलेला असतो, म्हणजे सहाव्या-सातव्या परिच्छेदात, आकड्यात, मुदतीत, अधिकाऱ्याच्या एखाद्या शब्दात. सरकारी मराठी तर या कामी कामधेनू आहे. 'तत्त्वतः मान्यता', 'विचाराधीन', 'युद्धपातळीवर', 'योग्य ती कार्यवाही'. यातला एकेक शब्द घ्या आणि घरात वापरून बघा. बायकोनं गॅस सिलिंडर लावायला सांगितलं आणि तुम्ही 'तत्त्वतः मान्यता' दिली, तर पुढचे दोनशे शब्द आपोआप सुचतील. म्हणून माझी पहिली सूचना लिहिण्याची नसून वाचण्याची आहे. निवडलेली बातमी शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचा, आणि जमलं तर मूळ शासन निर्णय किंवा अधिसूचनाही उघडा.

मग स्वतःला दोन गोष्टी विचारा. वाचकाला ही बातमी आधीच ठाऊक आहे का? विनोदाआधी तीन ओळी बातमी समजावून सांगावी लागत असेल तर तो विषय सोडा. आणि परवा ही बातमी जिवंत असेल का? अपघात, मृत्यू, आत्महत्या, अत्याचार यांच्या वाटेला जाऊ नका. तिथे व्यवस्थेवर लिहायचं असेल तर सरळ अग्रलेखाच्या सुरात लिहा, विनोदाची फोडणी नको.

काही बातम्या तारीख सांगून येतात. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला, राज्याचा बहुधा मार्चमध्ये. मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल, नालेसफाईचे दावे, आणि मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनला येणार की दडी मारणार याचे अंदाज. आषाढीची वारी, गणपतीतलं कोकणरेल्वेचं आरक्षण, डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन. यावरचा अर्धा मजकूर आदल्या आठवड्यात लिहून ठेवता येतो. प्रत्यक्ष बातमी आली की आकडे आणि नेमका प्रसंग भरायचा. रोज सदर लिहिणाऱ्यांना सगळं काही सकाळी सातला सुचतं, ही वाचकांची गोड समजूत आहे.

पहिला विनोद फेकून द्या

एक खरी बातमी घेऊन बघू. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घातली. लासलगावसह नाशिक जिल्ह्यात संतापाची लाट उसळली. यावर विनोदी लिहायचं आहे.

डोक्यात पहिल्यांदा काय येतं? डोळ्यांत पाणी. कांदा चिरणाऱ्याच्या, पिकवणाऱ्याच्या नाहीतर सरकारच्या डोळ्यांत पाणी. हा विनोद महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला एकाच वेळी सुचलेला असतो. उपसंपादकाच्या इनबॉक्समध्ये त्या दिवशी किमान दहा जणांनी हेच पाणी ओतलेलं असणार. दुसरा विनोद म्हणजे कांद्याचे पदर, एकेक सोलत जावं तसं राजकारण. तिसरा, कांदाभज्यांचा. तिन्ही कागदावर लिहा आणि काट मारा. लिहून काट मारणं महत्त्वाचं, कारण नुसतं 'हे नको' म्हटलं तर ते मागच्या दारानं परत येतात.

आता अधिसूचना वाचू. तिथे लिहिलं होतं की कांद्याचं निर्यात धोरण 'मुक्त' होतं, ते 'प्रतिबंधित' केलं आहे, अमुक तारखेपर्यंत. मुक्त होता, आता बंदी, आणि वर मुदत. ही तर कोठडीची भाषा झाली! मग गुन्हा कोणता? मराठीनं तो तयारच ठेवला आहे: कांद्यानं भाव खाल्ला.

पाणी आणि पदर कुठल्याही कांद्याला लागू पडतात, कुठल्याही साली. कोठडी मात्र याच बातमीला लागू पडते. तुमच्या कल्पनेची हीच परीक्षा घ्या. ती मागच्या वर्षीच्या बातमीवरही चालत असेल, तर ती अजून सापडलेली नाही.

चांगल्या कल्पनेचा आणखी एक फायदा असतो, बातमी पुढे सरकली की तीही चालते. २२ मार्च २०२४ ला ती बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली: कोठडीत वाढ. ४ मे ला उठवली, पण किमान निर्यात मूल्य टनाला ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क: जामीन मंजूर, अटी लागू. एकाच कल्पनेवर तीन स्फुटं. सरकारनं इतकी साथ क्वचितच दिली असेल.

घाट कोणता?

आशय सापडला की त्याला साजेसं भांडं, म्हणजे लेखनाचा प्रकार, शोधायचं. वात्रटिका, दोन पात्रांचा संवाद, बनावट पत्र, बनावट परिपत्रक, पाककृती, परीक्षेची प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, छोट्या जाहिराती, राशिभविष्य. राशिभविष्याला मात्र आता हात लावू नका, ते फार उष्टं झालंय. कल्पना स्वतःच घाट सुचवते. कोठडी सुचली म्हणजे कोर्टातला संवाद आलाच.

वात्रटिका सोपी वाटते, कारण ती लहान असते. प्रत्यक्षात चार ओळींत एकही शब्द लपवता येत नाही. तिचा शेवटचा शब्द आधी शोधा आणि उलटे वर या. यमकासाठी 'न भेटला', 'तो वदला' असली ओढाताण करावी लागली तर यमक बदला, भाषा वाकवू नका. हीच कल्पना वात्रटिकेत अशी येईल:

कांद्यानं जरा भाव खाल्ला,
लगेच खटला उभा;
मातीमोल व्हायची मात्र
बारा महिने मुभा!

इथे 'मुभा' आधी सापडला, 'उभा' नंतर आला. दुसरी आणि चौथी ओळ मोजून अकरा-अकरा मात्रांच्या आहेत. पहिली सोळा आणि तिसरी पंधरा, ते म्हणताना खपून जातं. यमकाच्या ओळी मात्र लंगडून चालत नाहीत. बोटं मोडून मात्रा मोजायचा कंटाळा असेल तर वात्रटिका मोठ्यानं म्हणा आणि टाळी द्या. टाळी चुकली तिथे शब्द चुकला.

आता गद्य लिहू

माझा पहिला खर्डा असा सुरू झाला होता: "सध्या देशात कांद्याचा प्रश्न ऐरणीवर आला असून केंद्र सरकारच्या निर्णयामुळे शेतकरी वर्गात नाराजीचं वातावरण आहे. अशा परिस्थितीत कांद्यावरच खटला भरला तर काय होईल, अशी कल्पना मनात आली…" ही सत्तावीस शब्दांची खोकण्याची उबळ आहे. गाणं अजून सुरूच झालेलं नाही. पहिल्याच वाक्यात वाचक कोर्टात उभा पाहिजे:

*"आरोपी कांदा, वाण लाल, राहणार तालुका निफाड, हाजिर हो!"*

*"गुन्हा काय?" न्यायाधीशांनी विचारलं.*

*"भाव खाल्ला, महाराज."*

*"किती?"*

*"मोजला नाही. पण दिल्लीला लागला."*

*"आरोपीला काही सांगायचंय?"*

*"साहेब, याच फेब्रुवारीत बार्शीकडचा माझा चुलतभाऊ सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो विकला गेला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता मालकाच्या हाती दोन रुपयांचा चेक आला. तेव्हा चौकशीला कुणी आलं नाही."*

*"ते प्रकरण या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. ३१ मार्चपर्यंत कोठडी."*

*आरोपीला बाहेर नेलं. कारकुनानं मुद्देमालातले दोन किलो हळूच पिशवीत टाकले.*

यातला दोन रुपयांचा चेक मी रचलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळे खर्च कापून तेवढेच मिळाले आणि ती बातमी देशभर गाजली. अख्ख्या स्फुटात सर्वांत अविश्वसनीय ओळ तीच आहे आणि नेमकी तीच खरी आहे. कल्पित गोष्टीच्या मधोमध असा एक खरा आकडा ठेवा. तो वाकवू नका, फुगवू नका. चेक दीड रुपयाचा केला असता तर हशा वाढला नसता, आणि आकडा चुकल्याचं एकदा कळलं की संपादक पुन्हा तुमचा मेल उघडत नाही.

शेवटची ओळ बघा. मूळ खर्ड्यात तिच्यापुढे आणखी एक वाक्य होतं: "अशा रीतीनं बळीराजाला न्याय मिळतच नाही." रात्री लिहिताना ते फार बाणेदार वाटलं होतं. सकाळी वाचलं तर कारकुनाच्या पिशवीवर मी स्वतःच पाय दिला होता. स्फुट हसवून थांबतं तिथे लेखकानं खाली बसायचं असतं.

कापाकापी

लिहून झालं की तासभर दुसरं काम करा. भाजी निवडा, गाडी पुसा. मग मोठ्यानं वाचा. पुढच्या गोष्टी दिसल्या की कात्री लावा: 'गमतीचा भाग म्हणजे', 'हसावं की रडावं कळेना', एकाच ओळीत दोन उद्गारचिन्हं, आणि समजावून सांगणारा कंस. विनोद कळला नसेल या भीतीनं आपण तो पुन्हा सांगतो. कळलेल्या माणसाला त्यामुळे राग येतो आणि न कळलेल्याला तरीही कळत नाही.

मग एका माणसाला वाचायला द्या. घरच्यांना नको, ती आधीपासूनच हसायच्या किंवा वैतागायच्या तयारीत असतात. माझ्याकडे या कामासाठी एक निवृत्त तलाठी आहेत. ते हसत नाहीत, फक्त एका ठिकाणी थांबतात आणि विचारतात, "हे काय?" ते जिथे थांबतात ती ओळ मी वाद न घालता काढतो.

टोला कुणाला?

चिमटा, कोपरखळी, टपली, टोला: मराठीत मारायचे प्रकार भरपूर. मारायचं मात्र ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला. वरच्या तुकड्यात शेतकरी हास्यास्पद झाला असता तर ते कितीही चटकदार असलं तरी मी फाडलं असतं. जात, धर्म, प्रदेश, बोली, रंग, शरीर यांवरचा विनोद आजच्या संपादकाच्या टेबलावर टिकत नाही, आणि टिकूही नये. वऱ्हाडी किंवा मालवणी पात्र आणायचं तर ते हुशार असू दे. बोलीवरून हसवणं हा आळशी लेखकाचा धंदा आहे.

कायद्याचंही थोडं भान ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात अब्रुनुकसानी कलम ३५६ मध्ये आणि धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याचा गुन्हा कलम २९९ मध्ये येतो. धोरणावर, जाहीर विधानावर, कारभारावर बिनधास्त लिहा. एखाद्या नावाच्या माणसानं पैसे खाल्ले असं विनोदातही सुचवू नका, कारण 'गंमत केली' हा बचाव वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडत नाही. कोर्टाचा घाट वापरला तर कोर्ट काल्पनिक ठेवा. चालू खटल्याला किंवा खऱ्या न्यायाधीशांना त्यात ओढू नका.

बनावट परिपत्रकाबाबत एक अनुभवाची गोष्ट. कुणीतरी त्याचा फोटो काढतो, वरचं 'विनोदी' हे लेबल कापलं जातं आणि संध्याकाळपर्यंत ते कुटुंबाच्या ग्रुपवर खरं म्हणून फिरतं. 'घरातील पंखे तीनच्या वर फिरवण्यास मनाई' असं मी एकदा लिहिलं होतं. चुलत मामांनी खरोखर रेग्युलेटर दोनवर आणला. म्हणून पहिल्या दोन ओळींतच अशी एक अशक्य गोष्ट घाला की फोटोतही लबाडी कळावी.

कुठे पाठवाल

मोठ्या दैनिकांतली विनोदी सदरं ठरलेल्या लेखकांची असतात. 'ब्रिटिश नंदी' किंवा 'तंबी दुराई' ही टोपणनावं वाचकाच्या जिभेवर बसायला वर्षं लागली आहेत. त्या खुर्चीसाठी नवख्यानं अर्ज करू नये. दार दुसरीकडून उघडतं, आणि ते दार म्हणजे वाचकांचा पत्रव्यवहार. दीडशे शब्दांचं खुसखुशीत पत्र तिथे लगेच लागतं, कारण बाकीची पत्रं रागानं लिहिलेली असतात. चार-पाच पत्रं छापून आली की उपसंपादकाला तुमचं नाव ओळखीचं होतं. मग पुरवणी, मग जिल्हा आवृत्तीतली वात्रटिकेची चौकट. जिल्हा दैनिकं आणि साप्ताहिकं यांना कमी लेखू नका. नगरपालिकेच्या नळाला पाणी कोणत्या वारी येतं हे ठाऊक असलेला वाचक तिथेच भेटतो.

मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि 'आवाज'सारख्या अंकानं तर विनोदालाच वाहून घेतलं. पण तिथलं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं आणि अंक दिवाळीत हातात पडतो. जुलैतली बातमी तोवर शिळी होते. त्यांच्यासाठी निवडणूक, लग्न, सोसायटीची वार्षिक सभा, रिचार्जचे प्लॅन असे टिकाऊ विषय ठेवा.

पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे दहा अंक चाळा. चौकटीत किती शब्द मावतात ते मोजा. दोनशे शब्दांच्या जागेसाठी चारशे पाठवून 'आपण हवं तसं संपादन करा' असं लिहिणं म्हणजे स्वतःचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणं.

वेळ पाळा. संपादकीय पान पहिल्या पानाच्या बरंच आधी लागतं, त्यामुळे उद्यासाठीचा मजकूर आज दुपारी बाराच्या आत गेलेला बरा. रविवारच्या पुरवणीचा मजकूर आठवड्याच्या मधेच ठरतो, शनिवारी पाठवलेलं स्फुट पुढच्या रविवारचं होतं आणि तोवर खड्डा बुजतो.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि थेट मेलमध्ये चिकटवा, सोबत वर्ड फाइल जोडा. पीडीएफ नको, वहीच्या पानाचा फोटो तर नकोच. जुन्या फॉन्टमधला मजकूर उघडताना रफार आणि जोडाक्षरं कुठेतरी फिरायला जातात. मेल अंकात छापलेल्या पत्त्यावरच करा. संपादकांचा खासगी नंबर कुणाकडून मिळवून रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर वात्रटिका पाठवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात आपली भर नको.

माझा मेल साधारण असा असतो:

*विषय: विनोदी स्फुट, कांदा निर्यातबंदी, ७५ शब्द, उद्याच्या अंकासाठी*

*नमस्कार. आजच्या बातमीवरचं स्फुट खाली दिलं आहे. ते अप्रकाशित आहे आणि इतरत्र पाठवलेलं नाही. त्यातला ५१२ किलोंचा आकडा फेब्रुवारीतल्या बातमीचा आहे, कात्रण सोबत जोडलं आहे. उद्या दुपारपर्यंत आपल्याकडून कळलं नाही, तर ते दुसरीकडे पाठवेन.*

खाली नाव, टोपणनाव असेल तर ते, आणि फोन नंबर. 'लहानपणापासून विनोदाची आवड' वगैरे काही नाही. शेवटचं वाक्य उद्धट वाटेल म्हणून मी बरीच वर्षं लिहीत नव्हतो. ते लिहायला लागल्यावर उत्तरं लवकर यायला लागली, कारण संपादकालाही माल नाशवंत आहे हे ठाऊक असतं. एकच स्फुट एकाच वेळी दोघांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आलं तर दोन्हीकडची दारं बंद होतात.

छापून आलं, किंवा नाही आलं

छापून आलं की मथळा बदललेला असेल, एखादी ओळ गेलेली असेल. पहिल्या वर्षी तक्रार करू नका, आपला खर्डा आणि छापील मजकूर शेजारी ठेवून काय कापलं ते बघा. मानधन लहान असतं, कधी नसतंच. ते विचारायला लाजू नका, पण मजकूर छापून आल्यावर विचारा. सदर मिळालं आणि करार पुढे आला तर तो वाचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. पुढे-मागे संग्रह काढायचा असेल तर 'पुस्तकाचे हक्क लेखकाकडे' एवढी ओळ घालून घ्या.

चिडलेल्या वाचकाचा मेल आला तर त्याच दिवशी उत्तर देऊ नका. तथ्य चुकलं असेल तर संपादकाला स्वतःहून कळवा. फक्त भावना दुखावली असेल तर काय करायचं ते संपादकाला ठरवू द्या.

नाकारलेली स्फुटं फेकू नका. विषयवार फोल्डर करा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. खड्डे, निकाल, अधिवेशन, टोल, लोडशेडिंग, कांदा. माझ्या कांद्याच्या फोल्डरमध्ये या घडीला सहा तुकडे पडून आहेत. लासलगावचा भाव मी रोज सकाळी बघतो.